द्वारकीच्या गिटारची पाठ

साल २०४७. वेंगुर्ला बंदराची नवी उंच भिंत त्या वर्षी पुरी झाली, आंबा वर्षातून दोनदा मोहरायला लागला, आणि जगात जिथे जिथे नवी गिटार विकत मिळत होती तिथे ती गोडच वाजू लागली. भिंतीची आणि आंब्याची लोकांना सवय झाली. त्या गोडव्याशी मात्र माझं आणि द्वारका परबचं जमलं नाही.

माझं नाव रेजिना फर्नांडिस. मी गिटारी करते. हात आता थरथरतात, म्हणून करत होते म्हणणं जास्त खरं. वडील इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, गायनासाठी आणि लग्नाच्या बँडसाठी व्हायोलिनं आणि गिटारी करायचे. मी इंजिनिअर झाले, तरुणपणी काही वर्षं पुलांचे हिशोब केले, आणि वडील थकले तेव्हा घरी येऊन त्यांच्या बाकाशी उभी राहिले. पुष्कळांना वाटलं, पोरीचं शिक्षण फुकट गेलं. मला तसं कधी वाटलं नाही. पूल हलता कामा नये, गिटारची फळी हललीच पाहिजे, आणि मोडायचं दोघांनीही नाही. एवढाच काय तो फरक.

गिटारच्या पोलादी तारा सुरात ताणल्या की एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनाएवढी ओढ समोरच्या फळीवर येते. फळी असते जाड पुठ्ठ्याएवढी. नुसती ठेवली तर ती फुगेल आणि एक दिवस दुमडेल. म्हणून आतून, डोळ्यांना न दिसणाऱ्या बाजूला, लाकडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतात. पण पट्ट्या दणकट ठेवल्या तर फळी मुकी होते. तार झंकारते आणि लाकूड ढिम्म. पट्टी कुठून कुठे न्यायची, कुठे उंच ठेवायची, कुठे पटाशीने तासून कागदासारखी करायची, यावर फळीचा कुठला भाग हलणार आणि कुठला गप्प बसणार हे ठरतं. लोक म्हणतात गिटारचा आवाज लाकडात असतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्या पट्ट्यांच्या नकाशात असतं.

माझे वडील तो नकाशा रांगोळीने शोधायचे. फळीवर बारीक रांगोळी भुरभुरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. फळी जिथे हलते तिथून रांगोळी उडून जाते, जिथे हलत नाही तिथे रेघ होऊन बसते. त्या रेघा बघत ते पट्ट्या तासायचे, पुन्हा गज ओढायचे, पुन्हा तासायचे.

मग स्वरमान नावाचं यंत्र आलं. लेझरचा किरण फळीवर हजारो ठिकाणी टेकतो, फळी कुठे किती थरथरते ते मोजतो आणि त्यावरून तिची हुबेहूब प्रतिमा संगणकात उभी करतो. मग त्या प्रतिमेला पट्ट्या लावून बघायच्या, लाखो तऱ्हांनी, एकही ढलपी न काढता. शेवटी यंत्र सांगतं, अशा लावा. तयार गिटारला ते शंभरपैकी गुणही देतं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील जन्मभर रांगोळीत चाचपडत जे शोधत राहिले ते पडद्यावर रंगांत दिसत होतं.

पण गुण आले की गुणांमागे धावणं आलंच. संगीतशाळा कमी गुणांची गिटार परीक्षेला आणू देईनात. स्टुडिओवाले दारातून परत पाठवू लागले. स्वरमान कंपनीने कारखान्यांना शिक्के दिले. त्यांचा नियम असा, की कारखान्यातलं प्रत्येक वाद्य यंत्राखाली जायचं आणि एक जरी साठाच्या खाली गेलं तर शिक्का परत. शिक्का नसलेल्याची गिटार दुकानदार हातात घेत नाही. माझा मुलगा सावियो याने खटपट करून आम्हाला शिक्का मिळवून दिला, यंत्र आणलं, बाबल आणि रुझार हे दोघे कामाला ठेवले. गिटारी खपू लागल्या. सगळ्या छान होत्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, तशा होत्या.

द्वारका परब माझी शाळेपासूनची मैत्रीण. जवळच उभादांड्याला तिचा काजूचा छोटा कारखाना होता. मोठ्या कारखान्यांत यंत्रं काजूची साल काढत होती. द्वारकीकडे अजून बायका ओळीने बसून हाताने काढायच्या, कारण यंत्र गराच्या पाकळ्या करतं आणि हात त्याला अख्खा ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत द्वारकी गिटार घेऊन बसायची आणि बायका गायच्या. गिटार तिला माझ्या वडिलांनी शिकवली होती. मी त्यांची मुलगी असून मला दोन चालींपलीकडे काही आलं नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

त्या पावसाळ्यात एका सकाळी ती पडवीत आली ती छत्री न मिटताच.

"रेजिने, तुझी ती शिक्क्याची गिटार दी बघू हय."

तिच्या कानामागे नखाएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं. मी गिटार दिली. तिने एक चाल वाजवली.

"कसा वाजला?"

"बरा वाजला."

"आता ह्या आयक." तिने मुद्दाम एक बोट भलत्याच पडद्यावर दाबून तीच चाल वाजवली. दाताखाली खडा यावा तसं मला झालं. मी तोंड वाकडं केलं.

"लागला मा तुका?" ती म्हणाली. "माका नाय लागला. माझ्या कानात गोडच वाजला."

तिचा कान जात चालला होता हे मला ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतल्या शंखातल्या पेशी मरत आहेत, दिवाळीपर्यंत उरलंसुरलं ऐकणं जाईल, मग कानाच्या आत कायमचं यंत्र बसवू. हे कानामागचं त्याचंच चाचणीपुरतं भावंड. बोलणं त्यातून स्वच्छ ऐकू यायचं. संगीताची मात्र गोम होती. यंत्रातून मेंदूपर्यंत स्वरांचे इतके थोडे तुकडे पोचतात की त्यातून गाणं उभं राहत नाही. म्हणून यंत्र एक युक्ती करत होतं. समोर शिक्क्याची गिटार आहे हे ते ओळखायचं, स्वरमानकडून तिची प्रतिमा घ्यायचं, वाजवणाऱ्याला काय वाजवायचं असेल याचा अंदाज बांधायचं आणि ते त्या प्रतिमेवर वाजवून डोक्यात सोडायचं. स्वच्छ, सुरेल, बिनचूक.

"मी चुकलंय तरी माका कळूचा नाय," द्वारकी म्हणाली. "ह्या माझा वाजवणा न्हय गो. कोणतरी माझ्या कानात बसून माझी लाज राखता."

"मगे तुका काय व्हया?"

"माझी चूक माका व्हयी." तिने कानामागचं यंत्र उपटून चहाच्या बशीत ठेवलं. "तुझ्या बापाशीन केलेली गिटार मी छातीक लावून वाजवतंय तेव्हा मागसून थरथरता. पण सगळा एकाच जागेर थरथरता. कुठली तार, कुठलो सूर, काय समजणा नाय. तू पूल बांधणारी. कायतरी कर. दिवाळीपर्यंत माका थोडा थोडा आयकाक येतला. तवसर माझ्या अंगाक शिकवूक व्हया, कुठचो सूर कसो लागता तो. मगे कान गेले तरी चलात."

तिचं म्हणणं मला लगेच पटलं. डोळे शाबूत आहेत तोवर घरातली वाट पायांनी पाठ करून ठेवावी, तसं होतं ते.

मी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसले. कानाच्या आतला शंख कसं काम करतो ते पुन्हा वाचून काढलं. त्यात एक लांब पडदा असतो. एका टोकाला तो अरुंद आणि ताठ, तिथे उंच स्वर थरथरतात. दुसऱ्या टोकाला रुंद आणि सैल, तिथे खर्ज. म्हणजे कान स्वर ओळखतो तो थरथर कुठे झाली यावरून. आपली कातडी उलट स्वभावाची. दोन स्वरांतला फरक तिला धड कळत नाही, पण थरथर कुठे झाली ते अचूक कळतं. मानेवर माशी बसली तर हात बरोबर तिथेच जातो.

मग गिटारची पाठ म्हणजेच तो शंख का करू नये? गिटार मान वर करून तिरकी धरली की खर्ज पोटाशी थरथरावा, मधले स्वर बरगड्यांशी, उंच स्वर गळ्याच्या हाडाखाली. पाठीला नेहमी तीन-चार आडव्या पट्ट्या मारून मोकळं होतात. तिच्याकडे कुणी बघत नाही. मी तिच्याकडे बघायचं ठरवलं.

सावियो मागे उभा राहून कागद वाचत होता. तो पुण्यात शिकला आणि तिथलीच भाषा घरी घेऊन आला.

"मम्मी, तारांची सगळी ताकद पाठीत गेली तर समोर काय उरेल? साठ सोड, चाळीस गुण मिळायचे नाहीत."

"गुण कोण देतं?"

"यंत्र."

"ते बसतं कुठे?"

"समोर. ऐकणारा समोरच असतो."

"मग समोरच्याने समोरचे गुण द्यावेत. मागचे द्वारकी देईल."

"थट्टा नको. शिक्का गेला तर बाबल आणि रुझारने काय करायचं? मासे विकायचे?" त्याने टेबलावरचा एक कागद उचलून पाहिला. "करायचीच असेल तर खोका म्हणून कर. मावशीला दे, नाव घालू नकोस, कुणी विचारलं तर खोका."

"तुझ्या आजोबांच्या बाकावर खोके होत नाहीत."

"आजोबांच्या बाकावर दिव्याचं बिलही येत नव्हतं," तो म्हणाला आणि निघून गेला. बाबल-रुझारबद्दलचा त्याचा प्रश्न खरा होता. आजही तो खरा वाटतो.

स्वरमानलाच पाठ आखून मागावी असाही विचार केला. फणसाची फळी यंत्राखाली ठेवली, पाठ म्हणून नोंदवली. पडद्यावर एकच ओळ आली: पाठ शांत ठेवावी. वेगळं काही मागायची सोयच केलेली नव्हती. मी रांगोळीचा डबा शोधून काढला.

अडचण ऋतूची होती. पावसाळ्यात पट्ट्या चिकटवायच्या नाहीत हा आमच्या घरचा शिरस्ता. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं. तसंच चिकटवलं तर उन्हाळ्यात आकसतं आणि तडकतं. वडील हे काम दिवाळीनंतरच काढायचे. द्वारकीला दिवाळीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आमच्या कारखान्यात यंत्राने कोरडी राखलेली खोली होती, पण तिची किल्ली सावियोकडे होती आणि सावियो माझ्याशी बोलत नव्हता.

"कोरड्याक काय कमी?" द्वारकी म्हणाली. "माझो बोर्मा आसा मा!"

बोर्मा म्हणजे काजूगर सुकवायची भट्टीची खोली. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी आत गर असे कोरडे होतात की बोटाने चोळलं की तांबडी साल सुटते. आम्ही फणसाची फळी आणि शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या तिथे नेल्या. गरांच्या जाळ्यांमध्ये फळी ठेवताना सोलणाऱ्या बायका जमल्या.

"फणसाची नि काजीची सोयरीक लावतास काय?"

"मगे पोर काय होतला?"

"पोर वाजात," द्वारकी म्हणाली. "तुमच्या पोरांसारखा नुसता ओरडूचा नाय."

ती रोज एक गर चोळून बघायची आणि मग बोटाने फळी वाजवायची. साल भराभर सुटायला लागली तेव्हा म्हणाली, "झाली. काजीसारखी सुकली." भट्टी निवल्यावर खोली कोमट असतानाच मी सरस लावला. पट्टी सरसावर ठेवायची, बांबूची कांब वाकवून तिचं एक टोक पट्टीवर आणि दुसरं टोक छताच्या फळीला टेकवायचं. सरळ व्हायच्या धडपडीत कांब पट्टी दाबून धरते. आमच्याकडे शिकंजे नसायचे तेव्हापासूनची ही रीत. बायकांनी हसत हसत कांबी वाकवल्या. पाठ जोडून गिटार उभी केली, पडवीत टांगली, आणि मी खूश होऊन जेवायला बसले.

दोन-चार दिवसांत पाठ टम्म भाकरीसारखी फुगली. मग एका दुपारी आतून काड असा आवाज आला. कुठल्यातरी पट्टीचं टोक सुटलं होतं.

जन्म कोकणात गेला. ओल्या लाकडाची भीती मला पाळण्यापासून शिकवलेली होती. लाकूड फार कोरडं होऊ शकतं ही कल्पनाच आमच्या घरात कुणाला कधी आली नव्हती. हाडापर्यंत वाळलेली फळी पावसाळी हवेत आणल्यावर पाणी पिऊन फुगणारच. द्वारकीने कपाळावर हात मारला.

"रेजिने, काजी बोर्म्यातसून काढल्याबरोबर सोलूक घेतल्यार फुटतत. आधी दमट खोलयेत निजवूची लागतत. ह्या रोज करतंय मी! आणि फळी तशीच बाहेर आणलंय. लाकूड म्हटल्यार माझी अक्कल भट्टीत गेली."

मी रागाने गिटारच्या तारा उतरवू लागले.

"थांब," ती म्हणाली. तिने गिटार छातीशी घेतली आणि सगळ्यात बारीक तार छेडली. मग जाड. मग पुन्हा बारीक. तिचा हात गळ्याच्या हाडाशी गेला.

"हय गुदगुल्या होतत. हयच. जाड तारेन होणत नाय."

मी आरसा आत घालून पाहिलं. सुटलेली पट्टी तिथलीच होती. माझी चूक मला तेव्हा समजली. मी पट्ट्या काठापासून काठापर्यंत नेल्या होत्या, दोन्ही टोकं बांधून टाकली होती. म्हणून सगळी पाठ एकच अंग असल्यासारखी हलत होती. एक टोक सुटलं आणि तेवढा तुकडा मोकळा झाला. पाठीला हवी होती दोन भक्कम कुंपणं, आणि त्यांच्यामध्ये मोकळी अंगणं.

दुसरी पाठ तशी केली. दोन उंच, ताठ पट्ट्यांनी तिचे तीन भाग पाडले. प्रत्येक भागात बारीक पट्ट्या, एक टोक चिकटवलेलं, दुसरं सोडलेलं. वरच्या अरुंद भागात त्या आखूड आणि दाट, खालच्या रुंद भागात लांब आणि विरळ. या वेळी फळी बोर्म्यातून काढून द्वारकीच्या दमट खोलीत काजूगरांच्या शेजारी निजवली, आणि ती ना ओली ना सुकी अशी झाल्यावरच सरसाचं भांडं तापवलं. जोडायच्या आधी रांगोळी भुरभुरली. उंच स्वरांना फक्त वरच्या भागातली रांगोळी नाचली. खर्जाला फक्त खालची. मधल्या स्वरांना मधली नाचली आणि थोडी वरचीही, तेवढं मी आणखी तासलं. आत, भोकातून दिसेल असं, माझं नाव आणि साल लिहिलं.

मग द्वारकी शिकायला बसली. कानात जे काही अजून येत होतं ते ऐकायचं आणि त्याच वेळी अंगावर जागा शोधायची. स्वरांना तिने स्वतःची नावं दिली. बेंबी, कंबर, खालची बरगडी, वरची बरगडी, गळो. पंचाहत्तरीकडे झुकलेली बाई पुटपुटत असायची, "बेंबी, बरगडी, गळो, गळो," आणि सोलणाऱ्या बायका हसून लोळायच्या. नवरात्र झालं तेव्हा तिला पाऊस ऐकू येईनासा झाला होता. ती वाजवत राहिली.

त्याच सुमारास स्वरमानकडून वर्षाची तपासणी आली. पुण्याहून आलेली ऋचा देवधर नावाची तरुण मुलगी होती, शांत आणि अदबीची. बाकावर द्वारकीची गिटार पडली होती. तिची एक खुंटी सैल झाली होती म्हणून आणली होती.

"ही नोंदीत नाही," ऋचा म्हणाली.

"तो खोका आहे," सावियो घाईने म्हणाला. "घरगुती."

"गिटार आहे," मी म्हटलं. "आत माझं नाव आहे. लावा यंत्राखाली."

सावियोने डोळे मिटले. यंत्राने अडतीस गुण दिले.

"आजी, बरीचशी ऊर्जा पाठीकडे वाया जाते आहे," ऋचा म्हणाली.

"वाया जात नाही. पाठवली आहे."

"पण ऐकणाऱ्यापर्यंत..."

"ऐकणारी पाठीकडेच आहे. छातीशी धरून बघ."

तिने गिटार धरली, तारा एकेक करून छेडल्या. दोनदा छेडल्या. तिचाही हात गळ्याच्या हाडाकडे गेला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे वाद्य नाही, असं मी नोंदवू शकते. शिक्का राहील. तुम्ही फक्त हो म्हणा."

सावियो माझ्याकडे बघत होता. दारात बाबल आणि रुझार उभे होते, हात पुसत. मी हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. गिटार तीच राहिली असती. द्वारकीला कळलंही नसतं. फक्त तिचं वाजवणं हे वाजवणं नाही, असं मी सही करून दिलं असतं. कानात बसून लाज राखणाऱ्या यंत्राने तेच केलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "खोका म्हटलं की द्वारकी इतके महिने खोका बडवत बसली असं होतं. ही गिटार आहे. अडतीस गुणांची आहे. तसंच लिही."

ऋचाने तसंच लिहिलं. भिंतीवरचा शिक्का काढताना तिच्याकडून भिंतीचा थोडा गिलावा पडला, तर ती दोनदा माफ करा म्हणाली.

"आजोबांचं नाव राखलंस," ती गेल्यावर सावियो म्हणाला. "आम्हा तिघांचं काय?"

"इथे काम आहे. शिक्क्याशिवाय विकू."

"कुणाला?"

"ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना."

"त्यांच्या खिशात काय असतं मम्मी?" असं म्हणून त्याने सामान बांधायला घेतलं. महिना संपायच्या आत तो बाबल-रुझारला आणि यंत्राला घेऊन कुडाळला गेला. पडवीत यंत्राच्या चार पायांचे चौकोनी डाग राहिले. मी त्यांच्यावर पाटा-वरवंटा ठेवला.

दिवाळी आली आणि गेली. द्वारकीचे कान पूर्ण गेले. तिने कायमचं यंत्र बसवून घेतलं. ती काही वेडी नव्हती. बोलण्यासाठी ते चालू ठेवायची, गिटार घेतली की बंद करायची. "बोलाक कान, वाजवूक पाठ," म्हणायची.

नाताळच्या दुपारी तिच्या कारखान्यात सगळे जमलो. सावियोही आला होता, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन, दाराशी उभा होता. द्वारकीने कानाचं यंत्र बंद केलं, गिटार छातीशी धरली, डोळे बायकांच्या ओठांवर ठेवले आणि सुरुवात केली. बायका गाऊ लागल्या. खरं सांगते, समोर आवाज बारीकच येत होता. आम्ही जवळ सरकलो. दुसऱ्या कडव्याला ती एकदम थांबली. बायका गातच राहिल्या, मग एकेक करून गप्प झाल्या.

"काय झाला गो?"

"चुकलंय."

"आमका काय कळला नाय!"

"माका कळला," द्वारकी म्हणाली. "गळो लागूक व्हयो होतो, बरगडी लागली." आणि अशी हसली, जशी माझ्या वडिलांनी तिला पहिल्यांदा शाबासकी दिली तेव्हा हसली होती. मग तिने कडवं पहिल्यापासून घेतलं.

बाहेर पडताना सावियो म्हणाला, "समोरून काही विशेष वाजत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "नेवऱ्या चांगल्या झाल्यात."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. सावियोचा कुडाळचा कारखाना मोठा झाला. बाबल आणि रुझार तिथेच म्हातारे होत आहेत. सावियो महिन्यातून एकदा येतो, चांगली फणसाची फळी मिळाली की मला आणून देतो, आणि ती घरात ठेवताना दरवेळी म्हणतो की तुझं तेव्हा चुकलंच. मी दरवेळी म्हणते की नाही.

शिक्क्याशिवाय मी त्यानंतर पुष्कळ गिटारी केल्या. गोव्यातून, रत्नागिरीतून, एकदा थेट नागपूरहून लोक आले. कुणाचे कान गेलेले, कुणाला जन्मतःच नसलेले. प्रत्येकाच्या छातीचं माप वेगळं, म्हणून प्रत्येक पाठ वेगळी. पट्ट्यांचा नकाशा मी विचारेल त्याला दिला. आता तो इतक्या जणांकडे आहे की कुणालाही तो कुलपात घालता येणार नाही.

ऋचा देवधर कंपनीतच राहिली आणि वर चढली. पाठीसाठी वेगळे गुण तिनेच सुरू केले. मध्यंतरी तिचा फोन आला होता. म्हणाली, आजी, नव्या पद्धतीने द्वारकाबाईंच्या गिटारला ब्याण्णव मिळतील. मी म्हटलं, सांगायला उशीर केलास बाई.

द्वारकी २०५८ च्या काजूच्या हंगामात गेली. आदल्या दिवसापर्यंत जेवणाच्या सुट्टीत वाजवत होती. कारखाना आता सोलणाऱ्या बायकाच चालवतात, आणि बोर्म्यातल्या एका जाळीवर नेहमी एखादी फळी माझ्यासाठी ठेवलेली असते.

गिटार ती माझ्यासाठी ठेवून गेली. गेल्या वर्षीपासून माझेही कान जायला लागले आहेत. दुपारी पडवीत बसते, ती छातीशी धरते आणि वडिलांनी कंटाळून सोडून दिलेल्या त्या दोन चाली वाजवते. बेंबी, बरगडी, गळा. बोटं वाकडी झाली आहेत. चुकते. चुकले की कळतं.